ग्वामचे कोडे

प्रशांत महासागरात ग्वाम नावाचे एक लहान बेट आहे. तेथील मूळ रहिवाशांना चामोरो म्हणतात. दुसरे महायुद्ध संपत असताना, १९४५ साली, अमेरिकी नौदलाचे डॉक्टर हॅरी झिमरमन यांना तेथे एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हातापायांतली शक्ती हळूहळू जाणे, बोलता-गिळता न येणे आणि अखेर श्वास बंद पडणे, असा एक दुर्मिळ आजार तेथे फारच जास्त होता. आपल्या मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी या आजारात मरतात, म्हणून त्याला मोटर न्यूरॉन रोग म्हणतात. लवकरच केलेल्या पाहणीत ग्वाममधील प्रमाण जगातल्या इतर ठिकाणांच्या ५० ते १०० पट निघाले.

हा दोष रक्तातला, की परिसरातला? एकाच घरात अनेक रोगी सापडत. पण एका घरातली माणसे जीन्सप्रमाणे जेवणही वाटून घेतात. पुढे असे दिसले की फिलिपाइन्समधून येऊन ग्वामवर राहिलेल्या काही लोकांनाही अनेक वर्षांनी हा आजार झाला. मग परिसरावरचा संशय वाढला.

चामोरो लोक सायकसच्या विषारी बिया वारंवार पाणी बदलत भिजवून, वाळवून त्यांचे पीठ करीत. युद्धाच्या टंचाईत या पिठावर त्यांची भिस्त वाढली होती. मार्जोरी व्हायटिंग या आहारतज्ज्ञ बाईंनी पन्नासच्या दशकात या पिठाकडे लक्ष वेधले. येथे आपल्या ओळखीचा एक धागा येतो. विदर्भात लाखोळी म्हणतात ती लाखेची डाळ दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली, की पाय कायमचे ताठरतात. तिच्यातले विषारी अमिनो आम्ल १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे केले. तसेच काही सायकसमध्ये असेल का, या शोधात १९६७ साली बेल आणि व्हेगा यांना बीएमएए हे अमिनो आम्ल सापडले. १९८७ साली पीटर स्पेन्सर यांच्या गटाने ते माकडांना दिले, तेव्हा त्यांच्या स्नायूंवर परिणाम दिसला.

कोडे सुटले? नाही. माकडांना दिलेली मात्रा फार मोठी होती आणि पीठ धुताना बहुतेक बीएमएए निघून जाते, असा आक्षेप आला. २००२ साली पॉल कॉक्स आणि ऑलिव्हर सॅक्स यांनी उत्तर सुचवले : सायकसच्या बिया खाणारी मोठी वटवाघळे चामोरोंच्या आवडीचे खाणे होती, विष त्यांच्या शरीरात साठत असेल. बीएमएए सायकसच्या मुळांत राहणाऱ्या नीलहरित शैवालातून येते, असेही पुढच्याच वर्षी या गटाने मांडले. पण रोग्यांच्या मेंदूत इतर काही प्रयोगशाळांना ते सापडले नाही. माती-पाण्यातील कॅल्शियमची कमतरता आणि अॅल्युमिनियमचे आधिक्य, हाही एक अंदाज होता.

दरम्यान साठच्या दशकापासून रोगच ओसरत गेला आणि आज जवळपास नाहीसा झाला आहे. जीन्स एवढ्या लवकर बदलत नाहीत; म्हणजे परिसरातलेच काही बदलले. पण काय? वटवाघळे कमी झाली. मात्र त्याच काळात विकतचे अन्न आले आणि सारे राहणीमानच बदलले. जे जे एकदम बदलले, त्यातले कारण कोणते आणि नुसते सोबती कोणते?

हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. लाखेच्या बाबतीत आम्हा संशोधकांच्या हाती कारण आले, म्हणून लोकांना वेळीच सावध करता येते. ग्वाममध्ये रोग गेला आणि पुरावाही बरोबर घेऊन गेला. जगभर आजही माणसे याच आजाराने जातात; बहुतेकांच्या बाबतीत कारण सांगता येत नाही. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे म्हणण्याआधी थांबायला आम्ही ग्वामकडून शिकलो.