नदीतून टाकीत: गोड्या पाण्यातील पाकटांच्या पालनाचा इतिहास

चपट्या, वाटोळ्या अंगाचा आणि शेपटीवर विषारी काटा बाळगणारा पाकट हा कूर्चामीन, म्हणजे हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला मासा, कोकण किनाऱ्यावर समुद्रातला म्हणूनच परिचित असला, तरी दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन, ओरिनोको आणि पाराना या नद्यांच्या खोऱ्यांत पोटॅमोट्रिगोनिडी या कुलातील पाकट सारे आयुष्य गोड्या पाण्यात काढतात. त्यांचे सागरी पूर्वज फार प्राचीन काळी, समुद्राचे पाणी खंडाच्या आतवर शिरले तेव्हा तेथे पोहोचले आणि समुद्र मागे हटल्यावर नद्यांतच स्थिरावले, असे अनेक संशोधक मानतात. सागरी पाकट रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी समतोल राखतात. ती क्षमता नदीतील पाकटांनी जवळजवळ पूर्ण गमावली आहे, हे थॉमस थॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले.

या माशांचा शास्त्रीय परिचय संथ गतीने झाला. आज सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या जातींपैकी एक असलेल्या ‘मोटोरो’चे वर्णन म्युलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८४१ मध्ये केले. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी रिओ नेग्रो नदीवर एका लहान पाकटाचे चित्र काढले होते. १८५२ मध्ये परतीच्या प्रवासात जहाजाला आग लागून त्यांचा बहुतेक संग्रह नष्ट झाला, पण माशांची चित्रे वाचली, आणि त्या पाकटाला ‘पोटॅमोट्रिगॉन वॉलेसी’ हे नाव मिळण्यास २०१६ साल उजाडले. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या, केवळ शिंगू नदीच्या खोऱ्यात आढळणाऱ्या जातीला १९७० मध्ये बेल्जियमचे माजी राजे लिओपोल्ड तिसरे यांच्यावरून ‘लिओपोल्डी’ हे नाव देण्यात आले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ नेग्रोवरील बार्सेलोस हे गाव शोभेच्या माशांच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. तेथील ‘पियाबेइरो’, म्हणजे शोभेचे मासे पकडून उदरनिर्वाह करणारे मच्छीमार, प्रामुख्याने लहानग्या कार्डिनल टेट्रावर अवलंबून होते. पाकट मात्र संख्येने थोडे आणि किमतीने भारी असा माल ठरले.

घरगुती टाकीत इतर माशांबरोबर पाकट ठेवण्याचे जे नियम पुढे रूढ झाले, त्यांचे मूळ या माशाच्या नदीतील जीवनात आहे. तो तळाशी वाळूत अंग पुरून बसतो आणि डोळ्यांमागील श्वासरंध्रांतून पाणी आत घेतो; त्यामुळे टाकीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे ठरते, खाली मऊ वाळू लागते आणि पाणी तापवणाऱ्या हीटरला चटक्यापासून संरक्षण देणारी जाळी बसवावी लागते. पाकट मांसाहारी असून अमोनिया बराच उत्सर्जित करतो, आणि अमोनिया साठलेले पाणी त्याला सोसत नाही, म्हणून मोठ्या, काही काळ चालून स्थिरावलेल्या फिल्टरला पर्याय नाही. सोबती निवडताना पाकटाच्या तोंडात न मावणारे आणि वरच्या किंवा मधल्या थरात वावरणारे मासे पसंत केले जातात. पृष्ठभागाजवळ पोहणारा सिल्व्हर अरोवाना हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. याउलट, चूषकमुखाने पृष्ठभागाला चिकटणारे प्लेको मासे पाकटाच्या पाठीवरील श्लेष्म, म्हणजे बुळबुळीत संरक्षक थर, खरवडून त्याला जखमी करतात, म्हणून ते टाळले जातात.

याच माशाच्या जीवनक्रमाने व्यापारालाही मर्यादा घातली. मादी अंडी न घालता थोडीच पिले जिवंत जन्माला घालते, आणि काही जाती एकाच नदीखोऱ्यापुरत्या सीमित आहेत. त्यामुळे अमर्याद पकड त्यांना परवडणारी नाही. ब्राझीलने शोभेसाठी होणारी पकड आणि निर्यात जातवार कोट्यांखाली आणली. दरम्यान आग्नेय आशिया आणि तैवान येथील व्यावसायिकांनी टाकीत व तलावात पाकटांची पैदास सुरू केली आणि अधिक ठळक ठिपक्यांचे वाण निवडून वाढवले. परिणामी मूळ नदी ब्राझीलमध्ये आणि विक्रीचा नफा बव्हंशी आशियात, अशी विसंगती निर्माण झाली. शिवाय बेलो मॉन्टे धरणाने शिंगूच्या प्रवाहात जो बदल केला, त्यावर टाकीतील पैदास हा उपाय होऊ शकत नाही.

२०१७ पासून काही जाती सायटिस, म्हणजे वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा करार, याच्या तिसऱ्या परिशिष्टात आल्या, आणि २०२२ च्या पनामा परिषदेत लिओपोल्डी व वॉलेसीसह सात जातींचा समावेश दुसऱ्या परिशिष्टात झाला. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सायटिसअंतर्गत सूचीबद्ध परदेशी प्राणी जिवंत बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली आहे. म्हणून मुंबई-पुण्यातील हौशी पालकाने काळा ठिपकेदार पाकट घेण्यापूर्वी टाकीचे माप पाहावे आणि त्याआधी माशाच्या उगमाची कागदपत्रे मागावीत.