घर माझं, भिंत माझी. मग परवानगी कशाला?

मंडळी, सध्या गल्लोगल्ली घरांची कामं सुरू आहेत. कुणी फरशी बदलतंय, कुणी वर एक खोली काढतंय. आणि प्रश्न ठरलेला : घर माझं, नगरपरिषदेला कशाला विचारायचं?

याचं उत्तर सव्वाशे वर्षं मागं जातं. 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत माणसं पटापट गेली. हवा-उजेड यावा म्हणून सरकारी माणसांनी कित्येक घरांची कौलं उतरवली. 1898 मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट निघाला. दोन इमारतींत किती जागा सोडायची, खिडकीतून आभाळ किती दिसायला हवं, हा तेव्हापासून सरकारी विषय झाला. 1901 च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यात आपल्यासारख्या गावांसाठीही नियम होता : नवं घर बांधायचं, बाहेरून बदल करायचा किंवा वाढवायचं तर आधी म्युनिसिपालटीला नोटीस द्या. 1965 च्या नगरपरिषद कायद्यातलं कलम 189 हे त्याचंच पुढचं रूप.

म्हणजे कायद्याची नजर मुळात बाहेरून होती. रस्ता, शेजारी, हवा, उजेड. म्हणूनच 1966 च्या नगररचना कायद्यात (आपण ज्याला एमआरटीपी म्हणतो) कलम 43 मध्ये सूट आहे. फक्त आतलं काम असेल किंवा बाहेरचं रूप फारसं बदलत नसेल, तर परवानगी लागत नाही. रंग, गिलावा, फरशी, त्याच उंचीवर पत्रे बदलणं, खुशाल करा. पण वर मजला, पुढे गॅलरी, सामासिक जागेत संडास-बाथरूम, गच्चीवर पक्की खोली, किंवा राहत्या घराचं दुकान केलंत, तर परवानगी लागणारच.

आता गफलत इथं होते. "आतलंच काम आहे" म्हणून लोक खांबाला हात घालतात. खरं तर मुंबईच्या 1888 च्या कायद्यातही छप्पर पेलणारी भिंत निम्म्याहून जास्त काढायची असेल तर कळवा, असं लिहिलेलं होतं. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असतं? काहीच नाही!

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत तर भिंतच खांब असते. गवंडी म्हणेल, "काढू की, काय होतंय." त्याच्या शब्दावर जाऊ नका, आधी इंजिनियरला दाखवा.

अर्ज दिला की 60 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, नाहीतर नियमात बसणाऱ्या कामाला परवानगी मिळाली असं धरलं जातं. हे कलम 45 मध्ये आहे, खिडकीवरचा बाबू सांगणार नाही. म्हणून अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. आणि विनापरवाना बांधलंत, तर कलम 53 ची नोटीस येते. पाडायचा खर्चही मालकाच्याच डोक्यावर.