दहा राग आणि डिस्कोचा ठेका : चरणजित सिंग यांची १९८२ ची ध्वनिमुद्रिका आणि तिचे पुनर्प्रकाशन

नवी दिल्ली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही मुंबईतील वादक चरणजित सिंग यांची वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने (आजची सारेगामा) ती एचएमव्हीच्या शिक्क्याखाली १९८२ मध्ये प्रकाशित केली. त्या वेळी तिला फारसे ग्राहक लाभले नाहीत. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती तिची एक प्रत दिल्लीतील दुकानात लागली. त्यांच्याच ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेने २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली आणि विस्मरणात गेलेल्या या तबकडीवर जगभर चर्चा सुरू झाली.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांचे वादक होते. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुल देव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी गिटार, बेस गिटार आणि पुढे सिंथेसायझर वाजविला. या वादकांची नावे पडद्यावर क्वचितच येत. गाणे गायकाच्या आणि संगीतकाराच्या नावाने ओळखले जाई. गाजलेल्या चित्रपटगीतांच्या वाद्यावरील धुनांच्या तबकड्या मात्र सिंग यांच्या स्वतःच्या नावाने निघत असत. १९८२ ची ध्वनिमुद्रिका त्याच परंपरेतील असली, तरी तिच्यात चित्रपटगीत एकही नाही.

काळ डिस्कोचा होता. ‘कुर्बानी’ १९८० मध्ये येऊन गेला होता आणि १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ झळकणार होता. अशा वेळी सिंग यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकत्र जोडली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. ही यंत्रे तेव्हा बाजारात नवीच होती. टीबी-३०३ तर एकट्या गिटारवादकाला साथीला बेस मिळावा म्हणून तयार झाले होते. या कामात ते फारसे उपयोगी ठरले नाही आणि कंपनीने १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबविले.

पहिल्या बाजूवर भैरव, ललित, भूपाळी, तोडी व मधुवंती आणि दुसऱ्या बाजूवर मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी असे दहा राग आहेत. ललित पहाटेचा, यमन संध्याकाळचा, मालकंस उत्तररात्रीचा, हा समयविचार येथे अर्थातच बाजूला पडतो. सर्व राग एकाच वेगवान, सम अंतरावर पडणाऱ्या ठोक्यावर चालतात. शुद्धतावादी श्रोत्याला हे खटकेल आणि ते रास्तही आहे, कारण पाश्चात्त्य पट्टीत बसविलेल्या यंत्राला श्रुतींचे बारकावे दाखविता येत नाहीत. तरीही रागांची स्वरचौकट मोडलेली नाही. भूपाळीत मध्यम-निषाद डोकावत नाहीत आणि मालकंसात ऋषभ-पंचम वर्ज्यच राहतात. शिवाय टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ती मिंडीची जागा घेऊ शकत नसली, तरी तिची आठवण नक्कीच करून देते. टीआर-८०८ चा आराखडाही सोळा पायऱ्यांचा आहे. तीनतालाच्या सोळा मात्रांची सवय असलेल्या कानाला ही मांडणी परकी वाटू नये.

पुनर्प्रकाशनानंतर वाद उभा राहिला तो वेगळ्याच मुद्द्यावर. याच टीबी-३०३ चा चिरका, वळसे घेणारा आवाज पुढे शिकागोतील तरुणांनी नृत्यसंगीतात आणला. ‘फ्यूचर’ या गटाचे ‘अॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून ‘अॅसिड हाऊस’ ही शैली रूढ झाली. सिंग यांची तबकडी त्याच्या पाच वर्षे आधीची, आणि ऐकताना साम्य इतके ठळक, की ही कोणा आधुनिक संगीतकाराने रचलेली थट्टा असावी, असा संशयही काहींनी व्यक्त केला. मूळ तबकडी आणि तिचा कर्ता दोन्ही मुंबईत सापडत असल्याने तो टिकला नाही.

मात्र ‘अॅसिड हाऊसचा जन्म मुंबईत झाला’ हे विधान जपूनच करावे लागते. शिकागोच्या वादकांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही आणि सिंग यांनीही कोणत्या शैलीचा पाया घालण्याच्या हेतूने ती केली नव्हती. नवी यंत्रे, परिचित राग आणि बाजारात चालणारा ठेका यांची सांगड घालून पाहणे एवढाच त्यांचा उद्देश होता. एकच यंत्र दोन खंडांत, परस्परांची वार्ताही नसताना, जवळजवळ सारख्याच आवाजापर्यंत घेऊन गेले, ही बाब पहिलेपणाच्या दाव्यापेक्षा अधिक लक्षणीय आहे.

पुनर्प्रकाशनाचा लाभ या कलावंताला हयातीत मिळाला, हे अशा प्रकरणांत नेहमी घडत नाही. सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांना युरोपातील रंगमंचांवर निमंत्रणे आली आणि तरुण श्रोत्यांसमोर त्यांनी हेच राग पुन्हा यंत्रांवर वाजविले. कॅनडात १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या रूपा बिस्वास यांच्या ‘डिस्को जॅझ’ या तबकडीलाही २०१९ मधील पुनर्प्रकाशनाने असाच दुसरा श्रोतृवर्ग मिळवून दिला. चरणजित सिंग यांचे जुलै २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले.