‘सरकलेली गादी’ : कंबरदुखीच्या कारणमीमांसेचा इतिहास

प्रस्तावना

कंबरदुखीने त्रस्त झालेला मनुष्य डॉक्टरांकडून परत येतो तेव्हा ‘गादी सरकली आहे’, ‘मणक्यात गॅप आहे’ किंवा ‘नस दबली आहे’ यांपैकी एखादे वाक्य बहुधा सोबत घेऊन येतो. ही वाक्ये मराठीत आता इतकी रुळली आहेत की ती वैद्यकशास्त्राच्या एका विशिष्ट कालखंडाची देणगी आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. आपल्या आजी-आजोबांची कंबर ‘धरत’ असे, तीत ‘उसण भरत’ असे. तिच्यातील गादी मात्र सरकत नसे. ही गादी, म्हणजेच दोन मणक्यांमधील चकती, कंबरदुखीचे सर्वपरिचित कारण कशी ठरली आणि पुढे संशोधनानेच त्या कारणाचे क्षेत्र कसे मर्यादित केले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. प्रश्न केवळ वैद्यकाच्या इतिहासाचा नाही. जागतिक रोगभार अभ्यासानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१.९ कोटी लोक कंबरदुखीने ग्रस्त होते, आणि अपंगत्वाच्या वर्षांची गणना केली असता या व्याधीचा क्रमांक पहिला लागतो.

चकतीपूर्व काळ

कंबरेपासून पायापर्यंत उतरणारी कळ प्राचीनांना चांगली परिचित होती. आयुर्वेदाने तिला ‘गृध्रसी’ म्हटले व वातव्याधींत तिची गणना केली. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पाय उचलण्याची क्रिया जखडणे हे तिचे लक्षण सांगितले आहे. उताण्या रुग्णाचा पाय सरळ उचलून पाहण्याची आजची चाचणी सर्बियातील लाझा लाझारेव्हिच यांनी १८८० साली आणि पॅरिस येथील लासेग यांचे शिष्य फोर्स्त यांनी १८८१ साली वर्णिली. मात्र एवढ्यावरून प्राचीनांना चकतीचे ज्ञान होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. निरीक्षण समान असले तरी त्यामागील कारणकल्पना अगदी भिन्न होत्या. युरोपातही ही व्याधी दीर्घकाळ खुब्याच्या सांध्याची मानली जाई. नेपल्सचे दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली तिचा एक प्रकार मज्जातंतूजन्य असल्याचे दाखवले. निव्वळ कंबरदुखी मात्र संधिवाताच्या सदरात पडून राहिली.

पाठीच्या दुखण्याचा संबंध कण्याशी आणि कण्याचा संबंध इजेशी जोडला जाणे, ही प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील घटना आहे. ग्लासगोचे थॉमस ब्राऊन यांनी १८२८ मध्ये ‘कण्याच्या क्षोभा’ची कल्पना मांडली. पुढे इंग्लंडमध्ये रेल्वेचे जाळे पसरले, अपघात वाढले, आणि बाह्यतः कोठेही इजा नसताना महिनोन्महिने पाठदुखी व अशक्तपणा सांगणारे प्रवासी नुकसानभरपाईसाठी न्यायालयात उभे राहू लागले. लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत अशा दुखण्याचे मूळ मज्जारज्जूला बसलेल्या हादऱ्यात शोधले. ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव रूढ झाले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी या मताचे खंडन करून भीती व मानसिक धक्का यांवर भर दिला. पेज हे स्वतः एका रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते, ही गोष्ट त्यांचे ग्रंथ वाचताना विसरता येत नाही. तथापि त्यांचे म्हणणे केवळ त्यामुळे खोटेही ठरत नाही. कंबरदुखीच्या कारणाविषयीचा वाद हा पैशाचाही वाद असतो, हे येथे प्रथमच स्पष्टपणे दिसते.

याच सुमारास विश्रांतीचा सिद्धांत दृढ झाला. जॉन हिल्टन यांची विश्रांती व वेदना या विषयावरील व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने आली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी क्षयग्रस्त सांध्यांसाठी सक्तीच्या, अखंड आणि दीर्घ विश्रांतीचा आग्रह धरला. अस्थिभंग आणि क्षय यांत उपयोगी पडलेला हा उपाय साध्या कंबरदुखीलाही लागू करण्यात आला, तो मात्र कोणत्याही स्वतंत्र परीक्षेविना.

१९३४ : एका शोधाचे साम्राज्य

ड्रेस्डेनचे विकृतिशास्त्रज्ञ गेओर्ग श्मोर्ल यांनी १९२० च्या दशकात शवविच्छेदनातील हजारो कणे तपासून चकतीच्या विकृतींचे वर्णन केले होते. परंतु जिवंत रुग्णाच्या वेदनेशी त्यांचा संबंध प्रस्थापित झाला तो बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. तत्पूर्वी मज्जारज्जूच्या नलिकेतून शस्त्रक्रियेने काढलेल्या काही गाठी कूर्चेचे अर्बुद समजल्या जात. अशीच एक गाठ काढल्यानंतर अस्थिशल्यविशारद जोसेफ बार यांना शंका आली. रुग्णालयात जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासण्यात आले. त्यांतील बरेचसे नमुने अर्बुदाचे नसून फाटून बाहेर आलेल्या चकतीचे असल्याचे आढळले. मेंदूशल्यविशारद विल्यम जेसन मिक्स्टर आणि बार यांनी १९ रुग्णांवर आधारलेला आपला निबंध ऑगस्ट १९३४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला.

या शोधाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. मज्जातंतूच्या मुळावर आलेला दाब शस्त्रक्रियेने दूर करता येतो आणि पायातील असह्य कळ थांबते, हे त्याने सिद्ध केले. अडचण पुढे उद्भवली. मूळ निबंध मज्जारज्जू वा मज्जातंतू दबलेल्या रुग्णांविषयी होता. त्याचे स्पष्टीकरण हळूहळू पायात कळ नसलेल्या, केवळ कंबर दुखणाऱ्या असंख्य लोकांना लावले गेले. एकोणीस निवडक रुग्णांवरून उभारलेली उपपत्ती एका सर्वसामान्य अनुभवाची उपपत्ती बनली. चकती ही दोन मणक्यांना घट्ट जोडलेली असते, ती साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. तिचा काठ फुगतो किंवा फाटतो आणि आतील मृदू भाग बाहेर येतो. तरीही ‘सरकणे’ हे क्रियापद इंग्रजीतून मराठीपर्यंत टिकले, कारण ते चटकन समजते आणि तितक्याच चटकन घाबरवते.

परीक्षेचा काळ

साम्राज्याला पहिले धक्के दिले ते नियंत्रित चाचण्यांनी. नॉर्वेचे हेन्रिक वेबर यांनी शस्त्रक्रिया करावी की नाही याबद्दल संदेह असलेल्या १२६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली व दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. १९८३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष असे : पहिल्या वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती स्पष्टपणे चांगली होती, चौथ्या वर्षी फरक सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ उरला नाही, दहाव्या वर्षी दोन्ही गट समान होते. २००७ मध्ये नेदरलँड्समधील २८३ रुग्णांच्या चाचणीतही लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने वेदना लवकर शमली, परंतु वर्षाअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. अर्थात थांबण्याच्या गटातील ३९ टक्के रुग्णांना दरम्यान शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. शस्त्रक्रिया म्हणजे अनेकांच्या बाबतीत वेळेची खरेदी होती, आणि ज्याला रात्रभर झोप नाही त्याच्या दृष्टीने तीही क्षुल्लक नव्हे.

विश्रांतीचे भवितव्य याहून वाईट ठरले. रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये टेक्सासमधील २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहण्यास सांगितले. दोन दिवसांच्या गटाने कामाचे ४५ टक्के कमी दिवस गमावले. इतर बाबतींत काही फरक दिसला नाही. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गावर झालेल्या चाचणीत तर अंथरूण आणि विशेष व्यायाम या दोहोंपेक्षा, झेपेल तेवढे नित्याचे व्यवहार चालू ठेवणारा गट अधिक लवकर बरा झाला. शंभर वर्षे दिला गेलेला सल्ला अशा रीतीने पहिल्याच काही परीक्षांत अनुत्तीर्ण झाला.

एमआरआयमुळे प्रत्यक्ष चकती दिसू लागली, तेव्हा वादाचा निकाल लागेल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये जेन्सन व सहकाऱ्यांनी कंबरदुखी नसलेल्या ९८ लोकांच्या प्रतिमा तपासल्या. त्यांतील ५२ टक्के लोकांत किमान एक चकती फुगलेली होती, २७ टक्के लोकांत ती बाहेर डोकावत होती आणि सर्व चकत्या निर्दोष असणारे केवळ ३६ टक्के होते. २०१५ च्या एका व्यापक आढाव्यात, वेदना नसलेल्या विशीतील व्यक्तींपैकी ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के व्यक्तींत चकतीची झीज आढळली. केसांच्या पिकण्यासारखीच ही झीज मानावी, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो. फिनलंडमधील एकबीज जुळ्या पुरुषांच्या ११५ जोड्यांच्या अभ्यासाने १९९५ मध्ये दाखवले की झिजेचे प्रमाण ओझे उचलण्यापेक्षा आनुवंशिकतेवर अधिक अवलंबून असते.

या पार्श्वभूमीवर ग्लासगोचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ साली मांडलेले प्रतिमान महत्त्वाचे ठरते. जॉर्ज एंगेल यांच्या १९७७ च्या जैव-मनो-सामाजिक दृष्टिकोनाचा आधार घेऊन त्यांनी वेदना आणि अपंगत्व यांत भेद केला. वेदना शरीरातच उगम पावते. पण मनुष्य किती काळ कामाबाहेर राहील हे त्याची भीती, समजुती आणि परिस्थिती यांवरही ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘दुखणे मनाचे आहे’ असा त्याचा विपर्यास पुष्कळदा केला जातो, तो अन्यायकारक आहे. तसेच ‘अविशिष्ट कंबरदुखी’ हे नाव इतर कारणे वगळल्यानंतरच द्यावयाचे असते. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णिलेला कण्याचा क्षय भारतात आजही आढळतो. ताप, वजनातील घट, लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे असताना धीर धरण्याचा सल्ला घातक ठरेल.

संशोधन आणि हितसंबंध

१९९४ मध्ये एका अंदाजाने अमेरिकेतील पाठीच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण इंग्लंड व स्कॉटलंडच्या पाचपटींहून अधिक होते. ज्या देशात शल्यविशारद अधिक, तेथे शस्त्रक्रियाही अधिक, असा संबंध तुलनेत दिसला. त्याच वर्षी अमेरिकेच्या आरोग्यसेवा धोरण व संशोधन संस्थेने तीव्र कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अल्प विश्रांती, मर्यादित तपासण्या आणि मोजक्याच रुग्णांवर शस्त्रक्रिया, असा त्यांचा आशय होता. त्यावर काही शल्यविशारदांनी संस्थेविरुद्ध मोहीम उघडली, एका उपकरणनिर्मात्या कंपनीने न्यायालयात धाव घेतली, आणि १९९५ मध्ये प्रतिनिधिगृहात संस्थेचा निधीच बंद करण्याचा प्रयत्न झाला. संस्था बचावली, परंतु अंदाजपत्रकात कपात झाली आणि मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्याचे काम तिने सोडून दिले. पेज यांच्या काळातील रेल्वे कंपन्यांच्या जागी आता अन्य पक्ष उभे होते.

औषधांचीही परीक्षा चालूच राहिली. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील १६५२ रुग्णांच्या चाचणीत पॅरासिटामॉलने बरे होण्याचा काळ कमी झाला नाही. २०२३ मध्ये तेथीलच दुसऱ्या चाचणीत अफूजन्य औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

शब्दांचे सामर्थ्य

ऑस्ट्रेलियाच्याच व्हिक्टोरिया राज्यात १९९७ ते १९९९ या काळात दूरचित्रवाणीवरून ‘हालचाल चालू ठेवा, कामावर रहा’ या आशयाच्या जाहिराती दाखवण्यात आल्या. शेजारच्या न्यू साउथ वेल्सशी तुलना करता व्हिक्टोरियातील जनतेच्या व डॉक्टरांच्या समजुती बदलल्या आणि नुकसानभरपाईचे दावेही घटले. उलट दिशेचा पुरावा न्यूझीलंडमधून २०१३ साली आला : डॉक्टरांनी सहज उच्चारलेले एखादे वाक्य रुग्ण वर्षानुवर्षे बाळगतो आणि कंबर जपण्यासाठी आपले आयुष्य आखडते घेतो, असे मुलाखतींतून दिसून आले.

मग अहवालाची भाषाच बदलली तर? अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत सुमारे अडीच लाख रुग्णांच्या कण्याच्या प्रतिमांच्या अहवालांबाबत हा प्रयोग करण्यात आला. वेदना नसलेल्या लोकांतही असे बदल किती प्रमाणात आढळतात, याची आकडेवारी काही अहवालांत जोडण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे कण्याशी संबंधित उपचारांचे एकूण प्रमाण घटले नाही. अफूजन्य औषधांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित कमी झाल्या.