शस्त्रपरवान्यांची आंतरराज्य मान्यता : अमेरिकन संघराज्यातील एक पेच

अमेरिकेत पिस्तूल बाळगण्याचे नियम प्रामुख्याने घटकराज्ये ठरवितात. न्यूयॉर्कने १९११ च्या सुलिव्हन कायद्याने परवाना सक्तीचा केला. व्हर्माँटच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९०३ मध्येच रटलंड शहराची परवान्याची अट रद्द ठरविली होती. फ्लोरिडाने १९८७ मध्ये पात्र अर्जदारास परवाना देणे बंधनकारक केले व अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. या भिन्नतेमुळे एका राज्यातील कायदेशीर परवानाधारक सीमा ओलांडताच दुसऱ्या राज्यात गुन्हेगार ठरू शकतो.

काँग्रेसने २००४ मध्ये पात्र पोलिसांना देशभर शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. सर्व नागरिकांसाठीचे तसे विधेयक २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले. परंतु सिनेटमध्ये ते अडले. एरवी राज्यांच्या स्वायत्ततेचा पुरस्कार करणाऱ्या रिपब्लिकन पक्षानेच येथे केंद्रीय सक्तीची मागणी केली, हा यातील विरोधाभास होय. २०२२ च्या ब्रूएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची 'विशेष कारणा'ची अट रद्द केली. प्रशिक्षण व पार्श्वभूमी तपासणीच्या अटी मात्र सरसकट अवैध ठरविल्या नाहीत.

सरसकट मान्यतेमुळे सर्वांत शिथिल राज्याचा निकष इतरांवर लादला जाईल; पूर्ण नकारामुळे निरपराध प्रवासी शिक्षेस पात्र ठरेल. म्हणूनच किमान समान निकषांवर आधारलेली परस्पर मान्यता हाच संघराज्याच्या तत्त्वाशी सुसंगत मार्ग ठरतो.