वॉलेसची रेषा आणि अलीचे हात

कोणता प्राणी कोठे राहतो, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. वाघ रानात, मासा पाण्यात. त्यात संशोधन ते काय? परंतु हवापाणी सारखे असलेली दोन बेटे समोरासमोर असावीत आणि त्यांवरचे पक्षी मात्र निराळे असावेत, हे कोडे सोपे नव्हे.

ते ओळखणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस हा घरच्या गरिबीमुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला इंग्रज. लंडनला कामगारांच्या सभागृहात व्याख्याने ऐकत आणि पुढे जमीनमोजणी करीत तो शिकला. पक्षी व किडे जमवून विकणे हाच त्याचा चरितार्थ झाला. १८५६ च्या जूनमध्ये तो बालीहून लोंबोक बेटावर गेला. मधली सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरांची. बालीत आपल्या तांबट व सुतार पक्ष्यांचे भाऊबंद होते. लोंबोकला ते दिसेनात. तेथे ऑस्ट्रेलियाकडचे पांढरे काकाकुवे होते.

कारण समुद्राच्या तळाशी आहे. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर उतरली, तेव्हा जावा व बाली आशियाच्या भूमीला जोडली गेली. लोंबोकपुढचे पाणी खोल. ते कधी आटलेच नाही. वॉलेसने ही सीमा दाखविणारा नकाशा १८६३ साली छापला. आज तिला 'वॉलेस रेषा' म्हणतात.

आठ वर्षांत त्याच्याकडे १,२५,६६० नमुने जमले. हजेरीपट वाचण्याची सवय जडलेले आम्ही येथे थांबतो आणि विचारतो : एवढे काम केले कोणी?

त्यांत अली नावाचा सारावाकचा मलायी तरुण होता. स्वयंपाकी म्हणून नोकरीस लागलेला अली नेम धरण्यास आणि पक्ष्याचे कातडे सोलून टिकविण्यास शिकला. १८५८ साली बचान बेटावर त्याने शास्त्राला अज्ञात असा एक स्वर्गपक्षी टिपून आणला. लंडनच्या शास्त्रज्ञाने त्याला नाव दिले ते वॉलेसचे! वॉलेस कृतघ्न नव्हता. पक्षी अलीने आणला हे त्याने ग्रंथात नमूद केले. १९०५ च्या आत्मचरित्रात अलीचे छायाचित्रही छापले. म्हणूनच आज आम्हांला अली ठाऊक आहे.

नमुना नेमका कोठे सापडला याची चिठ्ठी त्याला हवीच, असा वॉलेसचा आग्रह असे. त्या चिठ्ठ्यांवाचून ही रेषा आखताच आली नसती. तो कोणाच्या हातांनी आला, याचीही चिठ्ठी इतिहासाने लावावी, एवढेच आमचे मागणे आहे.