धुळवाटेवरचा संसार

मूल झाले की डर्ट बाइक सुटते, असे सगळेच गृहीत धरतात. घराचे हप्ते चालू असताना टायर आणि पिस्टनवर पैसे घालायचे, रविवार डोंगरात काढायचा आणि मनगट मोडून सोमवारी कामावर जायचे, हे तान्ह्या मुलाच्या आईबापांना परवडणारे नाही. त्यामुळे पाच-सात वर्षे गेल्यावर तोच माणूस माळ्यावरचे बूट खाली काढतो आणि सोबत मुलासाठीही चिमुकले हेल्मेट आणतो, तेव्हा लोक त्याला सरलेल्या तारुण्यामागे धावणारा म्हणून हसतात. ज्या देशात हा छंद सर्वाधिक फोफावला, त्या अमेरिकेचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर हे हसणे फारसे टिकत नाही. लहान मुलांसह मातीत परतणारा पालक या छंदाच्या कडेला कधीच नव्हता. गाड्यांचे आकार, शर्यतींचे गट, सुरक्षेची साधने आणि कायद्याच्या लढाया यांतले बरेचसे त्याच्याभोवतीच घडले आहे.

सुरुवात मात्र संसारी माणसाची नव्हती. २९ मार्च १९२४ रोजी इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे काही मोटारसायकल क्लबवाल्यांनी माळरानावर एक शर्यत भरवली. मोटोक्रॉसचा जन्म बहुधा तिथूनच मोजतात. पुढे हा खेळ युरोपात वाढला. १९५२ मध्ये युरोपीय अजिंक्यपद आले, १९५७ मध्ये जागतिक अजिंक्यपद आले आणि स्वीडनचा बिल निल्सन पहिला विजेता ठरला. तेव्हाच्या पाचशे सीसीच्या गाड्या जड होत्या आणि त्या पेलायला दांडगे मनगट लागे. १९६६ मध्ये हुस्कवार्नाचा अमेरिकी आयातदार एडिसन डाय याने स्वीडनच्याच टोर्स्टन हॉलमनला अमेरिकेत आणले. हलक्या टू-स्ट्रोक गाडीवर तो ज्या सहजतेने उड्या घेत पुढे निघून जाई, ते पाहून तिथले नामांकित स्वारही थक्क झाले. तरीही हा खेळ एवढ्यावरच थांबला असता, तर मूठभर कसलेल्या स्वारांचा आणि बघ्यांचा राहिला असता. त्यात घरातली माणसे आली ती दुसऱ्या दाराने.

ते दार जपानी कंपन्यांनी उघडले. अमेरिकन होंडा १९५९ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. आयडाहोमधील हर्ब ऊल नावाच्या विक्रेत्याने होंडाच्या पन्नास सीसीच्या कब या गाडीला मोठे स्प्रॉकेट आणि खडबडीत टायर लावून ती शिकाऱ्यांना आणि मासेमारीला जाणाऱ्यांना विकली. त्यातूनच कंपनीची ट्रेल ५० ही गाडी निघाली. तिकडे टोकियोजवळच्या तामा टेक या होंडाच्याच करमणूक उद्यानात १९६१ पासून मुलांना फिरवण्यासाठी एक बुटकी गाडी होती. तिचीच वंशज असलेली मिनी ट्रेल १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पोचली. १९६८ मध्ये यामाहाची डीटी-१ आली. अडीचशे सीसीची ही गाडी सोमवारी कामावर न्यावी आणि रविवारी डोंगरात घालावी अशा बेताने बनवलेली होती. बापासाठी डीटी-१ आणि पोरासाठी मिनी ट्रेल, अशी जोडी आता एका पिकअपच्या हौद्यात मावू लागली. १९७३ मध्ये होंडाची एक्सआर७५ आली आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना शर्यतीत उतरवण्याजोगी फोर-स्ट्रोक गाडी मिळाली.

ब्रूस ब्राउनचा ‘ऑन एनी संडे’ हा १९७१ चा माहितीपट याच काळाची नोंद आहे. माल्कम स्मिथ, मर्ट लॉविल आणि नट स्टीव्ह मॅक्वीन ही त्यातली ठळक नावे. या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि हजारो घरांत मोटारसायकलबद्दलचे मत बदलले. मोटारसायकल म्हणजे गुंडांची टोळी, हा हॉलीवूडच्याच जुन्या चित्रपटांनी रुजवलेला समज इथे मोडीत निघाला. पडद्यावर सायकली आणि बुटक्या गाड्या मातीत उडवणारी मुले दिसतात, आणि चाळिशीला टेकलेला, दोन मुलांचा बाप असलेला मॅक्वीनही दिसतो. हार्वी मशमन हे टोपणनाव घेऊन तो एल्सिनोरच्या शर्यतीत उतरत असे. म्हणजे या छंदाची जी प्रतिमा जगभर गेली, तिच्यात मूल आणि मध्यमवयीन बाप सुरुवातीपासून एकाच धुळीत होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ‘सहकुटुंब’ ही कल्पनाच कंपन्यांनी विकण्यासाठी घडवली, असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. एकाच घराला तीन गाड्या विकण्याचा हिशेब न कळण्याइतका कारखानदार भोळा नव्हता. परंतु जाहिरात माणसाला दुकानापर्यंत आणते, तीस वर्षे एखाद्या मैदानावर टिकवून धरत नाही. टिकण्याचे कारण या खेळाच्या व्यवहारातच आहे. सहा वर्षांचे मूल एकटे मैदानावर जाऊ शकत नाही. गाडी चढवायला, पेट्रोल-तेलाचे मिश्रण करायला, चेन ताणायला आणि पडल्यावर उचलायला मोठे माणूस लागतेच. आठवड्याचे दोन दिवस जो तिथे उभा राहणारच आहे, त्याने स्वतःची गाडीही सोबत आणावी हे ओघानेच येते. टेनेसी राज्यातील हरिकेन मिल्स येथे गायिका लोरेटा लिन यांच्या शेतावर १९८२ पासून हौशी स्वारांची राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा भरते. तिथल्या गटांची यादी पाहिली की हे पुरते लक्षात येते. एका टोकाला चार ते सहा वर्षांची मुले आणि दुसऱ्या टोकाला तिशी, चाळिशी, पन्नाशी ओलांडलेल्यांचे स्वतंत्र गट. आठवडाभर राहुट्या आणि कॅराव्हॅनचे गावच वसते. तिशीनंतर खेळ सुटतच असता, तर त्या वयासाठी गट काढण्याची कोणाला गरज पडली असती?

आकडेही तेच सुचवतात. अमेरिकी मोटारसायकल उद्योगाच्या पाहणीनुसार मालकांचे मध्यक वय १९८५ मध्ये २७ होते. २०१८ मध्ये ते ५० झाले. हा आकडा सर्व प्रकारच्या मोटारसायकलींचा आहे, केवळ मातीतल्या गाड्यांचा नाही, हे लक्षात ठेवायला हवे. तरी त्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. जो छंद नवी मुले आणत नाही तो आपल्या स्वारांसोबत म्हातारा होतो, आणि डर्ट बाइकमध्ये मुले आणण्याचे काम मुख्यतः पालकच करतात. हार्ले-डेव्हिडसनसारख्या कंपनीने २०१९ मध्ये चिमुरड्यांच्या विजेवरच्या बॅलन्स बाइक बनवणारी स्टेसिक ही कंपनी विकत घेतली, ती याच चिंतेपोटी.

पालकांचा हा वर्ग किती संघटित आहे, हे २००९ मध्ये दिसले. चिनी खेळण्यांतील शिशाच्या भीतीतून अमेरिकी संसदेने २००८ मध्ये ग्राहक-उत्पादन सुरक्षेचा कडक कायदा केला. फेब्रुवारी २००९ मध्ये शिशाची मर्यादा लागू होताच बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या छोट्या गाड्या दुकानांतून उचलाव्या लागल्या, कारण ट्यूबच्या व्हॉल्व्हमध्ये, बॅटरीच्या टोकांवर आणि काही मिश्रधातूंत शिसे होते. मूल ते चाटत बसणार नाही, हे उघड होते. १९ मार्च २००९ रोजी रिव्हरसाइड येथील आपल्या दुकानात माल्कम स्मिथने, ‘ऑन एनी संडे’मधल्या त्याच स्मिथने, कायदा झुगारून जाहीरपणे मुलांच्या गाड्या विकल्या. लहान गाडी मिळाली नाही तर मुलाला मोठी गाडी दिली जाईल आणि धोका वाढेल, हा पालकांचा युक्तिवाद पुढे ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगालाही मान्य करावा लागला. आयोगाने अंमलबजावणी लांबवली आणि ऑगस्ट २०११ मध्ये संसदेने या वाहनांना सूट दिली.

सर्वांत गंभीर आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो इतिहास सांगून उडवून लावता येत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० मध्ये सोळा वर्षांखालील मुलांनी रस्त्याबाहेरची मोटारवाहने चालवू नयेत, अशी भूमिका घेतली. कुठल्याही भूभागावर चालणाऱ्या तीनचाकी गाड्यांच्या (एटीसी) अपघातांमुळे १९८८ मध्ये कंपन्यांना न्यायालयीन तडजोडीत त्यांची विक्री थांबवावी लागली होती. हा छंद निर्धोक नाही, आणि पालकाच्या बाबतीत तर मोडलेल्या हाडाची किंमत दोघांना मोजावी लागते: ज्याचे हाड मोडले त्याला, आणि घरी दोन मुलांना एकटीने सांभाळणाऱ्या जोडीदाराला. पण सुरक्षेतल्या सुधारणा कुठून आल्या तेही पाहावे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या यामाहा पीडब्ल्यू५० मध्ये क्लच नाही, उघडी चेन नाही, आणि एक स्क्रू पिळून वेग बांधून ठेवता येतो. म्हणजे वेगावर ताबा कोणाचा, तर बाजूला उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचा. मानेच्या संरक्षक पट्ट्याचा प्रसार केला तो दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर ख्रिस लेट यांनी. त्यांच्या मुलाने गाडी चालवायला नुकतीच सुरुवात केली होती, तेवढ्यात एका ओळखीच्या स्वाराचा मृत्यू त्यांनी पाहिला आणि ते या कामाला लागले. विशीतला स्वार असे प्रश्न क्वचितच विचारतो. म्हणून पालकाने परत यावे की नाही, याचे उत्तर तो कसा परततो यावर ठरते. जुन्या वेगाचा हट्ट धरून आला तर बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे खरे ठरेल. लहान इंजिन, पूर्ण संरक्षक साहित्य आणि शर्यतीऐवजी पायवाटा हे स्वीकारून आला, तर धोका संपत नाही, पण तो समजून उचललेला असतो.

गाडी चालवायची कुठे, हा जमिनीचा प्रश्नही असाच सुटत गेला. १९६०च्या दशकात मोहावे वाळवंट म्हणजे वाटेल तिथे गाडी घालण्याचे रान होते. बार्स्टो ते लास व्हेगास या शर्यतीला १९७४ मध्ये सुमारे ३,००० स्वार आले. पुढच्याच वर्षी सरकारने वाळवंटाच्या नुकसानीपायी परवानगी नाकारली. अध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्येच सरकारी जमिनींवर ठरलेल्या वाटांचा आदेश काढला होता. कॅलिफोर्नियाने नोंदणी शुल्क आणि इंधनकराच्या वाट्यातून हॉलिस्टर हिल्ससारखी राखीव मैदाने उभी केली. मोकळे रान गेल्याचे दुःख जुन्या स्वारांना आजही आहे. पण मुलांना घेऊन जाता येते ते आखलेल्या, एकेरी वाटांच्या, मदतनीस हजर असलेल्या मैदानावरच; कुठूनही कोणीही सुसाट येणाऱ्या वाळवंटात नव्हे. निर्बंधांनी रान आकसले खरे, पण त्यातूनच या छंदाला घरच्यांना आणण्याजोगी जागा मिळाली.

महाराष्ट्रात पुणे-नाशिकने मातीच्या ट्रॅकवरील शर्यती बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात नव्या सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. त्यात ८५ सीसीचा कनिष्ठ गटही होता. मात्र आपल्याकडे सहा वर्षांचे मूल आणि त्याची आई रविवारी शेजारी-शेजारी सराव करतील, अशा जागा अजून विरळ आहेत. मैदान नसले की मुलाच्या हाती गाडी येते ती रस्त्यावर, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने त्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला आहे. तो योग्यच आहे. पण शिक्षेने मुलाची ओढ संपत नाही, तिला फक्त बंद दार दिसते. कॅलिफोर्नियाच्या अनुभवावरून घ्यायचे असेल तर एवढेच घ्यावे: राखीव मैदान आधी, लहान गाडी त्यानंतर, आणि दोन्हींच्या मध्ये जबाबदारी घेणारा पालक. आपल्याकडे सध्या उत्साह आणि गाड्या दोन्ही आहेत. परतू पाहणाऱ्या पालकांनी पहिली मागणी गाडीची न करता जागेची करायला हवी.